अर्धा सूर खाली

मालती टीचरांच्या शोकसभेत मी हसलो. हसू नये हे मलाही कळतं. पण समोरचे गृहस्थ माइक धरून म्हणाले, "बाईंचा स्वभाव अत्यंत शांत. कुणाला उलट उत्तर देणं त्यांना माहीतच नव्हतं." आणि मला एकदम शाळा तपासायला आलेले ते साहेब आठवले. प्रार्थनेच्या वेळी साहेब मोठ्या उत्साहानं गायला लागले, तेव्हा टीचर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या होत्या, "साहेब, तुम्ही नुसते ओठ हलवा. पोरांचा सूर बिघडतो." मला हसू आवरेना. मी खोकल्याचं सोंग केलं. शेजारच्या बाईंनी काळजीनं पाण्याची बाटली पुढे केली, ती मी निमूटपणे रिकामी केली.

माणूस गेलं की त्याला लगेच साखरेत घोळायची आपल्याकडे पद्धत आहे. टीचर गोड नव्हत्या. फटकळ होत्या, हट्टी होत्या, आणि आपलं बरोबर आहे अशी खात्री असली की समोर कोण उभं आहे हे बघायच्या नाहीत. त्या दिवशी माझ्यावर बोलायची पाळी आली तेव्हा मी नुसते हात जोडून खाली बसलो. म्हणून आता लिहितो आहे.

तलासरीच्या शाळेत आम्ही बावीस वर्षं एकत्र काढली. त्या गणित शिकवायच्या, मी चित्रकला. त्या चिखल्याच्या, समुद्राकाठच्या मच्छीमार घरातल्या. मी गंजाडचा, भात आणि नागली पिकवणाऱ्या घरातला. आमच्या भागात माणसांचे दोनच प्रकार मानतात, बंदरपट्टीचे आणि जंगलपट्टीचे. त्यावरून आमची रोज जुंपायची. "पाटीलसर, तुम्हा जंगलपट्टीवाल्यांना मासा ताटात आल्यावर कळतो," असं त्या म्हणायच्या. "आणि तुम्हाला तांदूळ गोणीत आल्यावर," असं मी म्हणायचो. डबे उघडल्यावर मात्र त्यांच्या डब्यातला बोंबील माझ्या डब्यात आणि माझी भाकरी त्यांच्या डब्यात जायची, आणि भांडण दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब व्हायचं.

शाळा हायवेला लागून. दिवसभर ट्रक आणि बस यांचे हॉर्न. आमचं त्याकडे लक्षही नसायचं, पण टीचरांना एकही आवाज नुसता आवाज म्हणून ऐकता यायचा नाही. फळ्याकडे तोंड करून समीकरण मांडताना त्या मध्येच म्हणायच्या, "वापीची गाडी आली. आज उशीर केला." पोरं खिडकीतून बघायची, तर खरोखर वापीची गाडी. प्रत्येक गाडीच्या हॉर्नचा सूर त्यांना पाठ होता. एकदा नववीच्या पोरांनी पैज लावली आणि सबंध तासभर टीचरांना खिडकीकडे पाठ करून उभं केलं. टीचर एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी एका गाडीला त्या म्हणाल्या, "ही नवीन आहे, हिची ओळख नाही." पोरांनी डेपोत जाऊन चौकशी केली, तर गाडी त्याच आठवड्यात आलेली. मग मात्र टीचरांनी वर्गाला बजावलं, "झाली करमणूक? आता वह्या काढा."

त्या गातात हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं. थंडीतल्या एका रविवारी बायकोनं सुके बोंबील आणायला चिखल्याला पाठवलं. सकाळची वेळ होती. किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांना बोंबील टांगून वाळत घातलेले, बायका ते उलटेपालटे करत होत्या, आणि त्या सगळ्यातून एक आवाज येत होता. भाषा कळेना. चाल ओळखीची नाही. आवाज मोठाही नव्हता, पण सरळ, अजिबात न थरथरता यायचा आणि वाऱ्यातूनही नेमका कानाशी पोचायचा. मी दांड्यांच्या रांगा ओलांडत गेलो, तर साडी वर खोचून, दोन्ही हातांनी बोंबील अडकवत मालती टीचर गात होत्या. शेजारी त्यांची आई, जानकीबाई, पाटीत मासे भरत होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "बसा मास्तर. तिचं संपल्याशिवाय ती बोलायची नाय. आमच्या मालूला बंगल्याची बाधा झालीय."

ही बंगल्याची बाधा काय, ते टीचरांनी मला पुढे तलासरी-डहाणू बसमध्ये तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. मालती सात-आठ वर्षांची असताना आईबरोबर मासे घेऊन चिकूच्या एका वाडीतल्या बंगल्यावर जायची. तिथे पेरिनबाई नावाच्या पारशी बाई एकट्या राहायच्या. तरुणपणी परदेशात गाणं शिकून आलेल्या. तेही तिकडचं फार जुनं गाणं, तीनशे वर्षांपूर्वीचं, राजांच्या दरबारातलं आणि चर्चमधलं. मागच्या दाराशी जानकीबाई पापलेटाचा भाव ठरवत असायच्या आणि आतून पियानो ऐकू यायचा. एक दिवस पेरिनबाई गाता गाता एका जागी थांबल्या, आणि पुढची ओळ मागच्या दारातून आली. शब्द नव्हते, नुसती चाल, पण बिनचूक. पेरिनबाई चष्मा सावरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोण गाते? तू? अंदर आव, डीकरी. मच्छी पछी." म्हणजे मासळीचं नंतर, आधी पोरगी आत.

त्यानंतर दहा वर्षं मालती त्या बंगल्यावर गाणं शिकली. जानकीबाई मागच्या पायरीवर पाटी घेऊन बसून राहायच्या. आत त्या कधी गेल्या नाहीत. पेरिनबाई बोलवायच्या, पण "माझ्या पायाला चिखल हाय" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. इटालियन गाण्यांचे शब्द मालतीनं देवनागरीत लिहून घेतले. ती वही मी पाहिली आहे. एका बाजूला वर्गमुळं, दुसऱ्या बाजूला इटालियन. पेरिनबाईंची शिकवण कडक होती. आवाज हलवायचा नाही, उगाच रडायचं नाही, सूर काठीसारखा सरळ ठेवायचा आणि मग त्याला नटवायचं. "पेल्ला ऊभी राहा, पछी नाच," असं त्या म्हणायच्या.

आता त्या पियानोबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथे होती. समुद्राच्या खाऱ्या हवेनं त्याच्या तारा गंजलेल्या. मुंबईहून पियानो लावायला माणूस आला, त्यानं एक तार ताणली, ती तुटली. दुसरी ताणली, तीही तुटली. तो म्हणाला, "बाई, सगळ्या अर्धा सूर खाली उतरवून लावतो. तेवढ्यावर ठेवल्या तर टिकतील, नाहीतर पियानोचं नाव सोडा." पेरिनबाईंनी होकार दिला. मालतीचा कान त्या पियानोवर तयार झाला. लहानपणी जो सूर कानात बसला तो पक्का बसला, आणि तो सगळ्या जगापेक्षा अर्धा सूर खाली होता. तिला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

ते कळलं मुंबईत. बी.एड. करत असताना त्यांनी कुठल्याशा गायनस्पर्धेत नाव दिलं. तिथल्या पियानोनं पहिला सूर दिला आणि टीचर गोंधळल्या. पियानो एक सांगतोय, कान दुसरंच. त्या आपल्या कानाबरोबर गेल्या. परीक्षक बाईंनी चार ओळींत थांबवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आवाज चांगला आहे, पण तू बेसूर आहेस. कुठून आलीस?" डहाणूजवळून म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे मग बरोबरच आहे, अशी. टीचर तिथून थेट घरी आल्या. पेरिनबाई तोवर गेल्या होत्या, विचारायलाही कुणी नव्हतं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं टीचर चार माणसांसमोर गायल्या नाहीत. किनाऱ्यावर वाळत्या बोंबलांमध्ये तेवढ्या गायच्या, कारण तिथे पियानो नव्हता.

ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही. पण "कुठून आलीस" हे शब्द त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितले असतील. बेसूर म्हटल्याचं त्यांना लागलं होतं. गावाच्या नावावर त्या बाईंनी जी मान हलवली तिचं त्याहून जास्त.

काही वर्षांपूर्वी पेरिनबाईंचा भाचा फरोख यानं तो बंगला दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुला केला. त्याच्याकडे एका डिसेंबरात मुंबईहून तीन वादक राहायला आले. त्यांची वाद्यं जुन्या धर्तीची, म्हणजे तिकडे तीनशे वर्षांपूर्वी असायची तशीच बनवून घेतलेली. एक हार्पसिकॉर्ड, दिसायला लहानसा पियानो, पण आतल्या तारा पिसाच्या टोकानं छेडल्या जातात. एक गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य आणि एक व्हायोलिन, दोन्हींना आतड्याच्या तारा. हार्पसिकॉर्ड वाजवणारी कल्याणी नावाची पुण्याची मुलगी होती. तिला बंगल्यात पेरिनबाईंची पुस्तकं सापडली, त्यांवर पेन्सिलीनं "मालती" असं जागोजागी लिहिलेलं. तिनं विचारत विचारत टीचरांचं घर गाठलं. टीचर म्हणाल्या, मी येते, पण ऐकायला. आणि मलाही ओढून नेलं.

आम्ही बंगल्यात पोचलो तेव्हा कल्याणी वाद्य लावत होती. तिनं एक सूर दाबला. टीचर दारातच थांबल्या. तिनं दुसरा सूर दाबला. टीचरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं. "ही खाली का लावलीत?" त्यांनी विचारलं. कल्याणी हसून म्हणाली, "हे जुनं संगीत आम्ही जुन्या काळच्या सुरात वाजवतो. तेव्हाचा सूर आजच्यापेक्षा अर्ध्यानं खाली होता." टीचर खुर्चीवर बसल्या. मग माझ्याकडे वळून, पाचवीतल्या पोराला गणित समजावतात तशा हळू म्हणाल्या, "पाटीलसर, म्हणजे मी बरोबर होते."

मी माणूस तसा रडका नाही. पण त्या दिवशी मी बाहेर जाऊन चिकूची झाडं बघत उभा राहिलो.

टीचर त्याच बैठकीत गायल्या. तिघांनीही वाद्यांवरचे हात काढून घेतले. कल्याणी म्हणाली, असा सरळ आवाज शोधायला लोक परदेशी जातात, तुम्ही आमच्याबरोबर कार्यक्रम करायचाच. फरोखनं लगेच बेत केला. बंगल्याच्या हिरवळीवर, संध्याकाळी, मुंबईहून निवडक पाहुणे बोलावून. टीचरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कार्यक्रम डहाणूच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होईल. पहिल्या रांगा चिखल्याच्या बायकांच्या. नाहीतर मी गात नाही."

फरोख वाईट माणूस नव्हता. त्यानं अदबीनंच सांगितलं, "मालतीबेन, त्यांना यातलं काय कळणार? अर्ध्यात उठून जातील, तुमचाच मूड जाईल."

"जातील तर जातील," टीचर म्हणाल्या. "पण माझ्यासमोरून उठून जातील. सूर काय कुणाच्या बापाचा नाय."

बोलून तर गेल्या. पण परत येताना त्यांनी मनातलं सांगितलं. आईनं दहा वर्षं मागच्या पायरीवर बसून काढली, आणि लेक आत काय शिकली हे आईनं कधी समोर बसून ऐकलेलं नव्हतं. किनाऱ्यावर कानावर पडायचं त्याला ती "बंगल्याचं रडगाणं" म्हणायची. टीचरांना मुंबईच्या पाहुण्यांची वाहवा नको होती. आईनं आणि गावातल्या बायकांनी ते गाणं शेवटपर्यंत बसून ऐकावं एवढंच हवं होतं. "त्या उठल्या ना सर, तर त्या परीक्षक बाई खऱ्या ठरतील," त्या म्हणाल्या. पुढचे दोन महिने मला त्यांच्यापेक्षा जास्त धास्ती होती.

कार्यक्रमाचा दिवस ठरवण्यावरून फरोखनं हात टेकले. त्यानं शनिवार-रविवार सुचवले. टीचरांनी पंचांग काढलं. उधाणाला होड्या समुद्रात, मासळी भरपूर, बायकांना उसंत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, पाण्याला ओढ नसते, जाळी रिकामी, तेव्हा बायका मोकळ्या. म्हणून अष्टमीची तिथी धरली आणि तो निघाला बुधवार. वेळ जानकीबाईंनी ठरवली. हॉलमध्ये सराव करताना कल्याणी रोज तक्रार करायची की दुपारनंतर आतड्याच्या तारा ढिल्या पडतात. एकदा तिथे डोकावलेल्या जानकीबाईंनी त्या मोठ्या वाद्याच्या तारेवर बोट फिरवून विचारलं, "कशाची गो ही?" बकऱ्याच्या आतड्याची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग ओली व्हणारच. दुपारी दर्याचा वारा येतो. सकाळचा वारा जमिनीवरून येतो, सुका. आमी बोंबील कवा घालतो वाळत? तवाच वाजवा तुमी." कल्याणीनं तसं करून पाहिलं, आणि तारा जागच्या हलल्या नाहीत. कार्यक्रम बुधवारी सकाळी साडेआठला ठरला. मुंबईच्या पाहुण्यांना पहाटे चारला निघावं लागलं, त्याचा मला थोडा आनंदच झाला.

मला काम मिळालं कल्याणीच्या पुस्तकाची पानं उलटण्याचं. मला ती लिपी वाचता येत नाही, हे मी सांगून पाहिलं. "तुम्हाला मान हललेली दिसते ना?" टीचर म्हणाल्या. "मग झालं." त्यामुळे मी व्यासपीठावर होतो आणि सगळं समोरून पाहिलं.

चिखल्याहून दोन टेम्पो भरून बायका आल्या. ठेवणीतली लुगडी, डोक्यात अबोली. खुर्च्या त्यांनी नाकारल्या आणि पुढे चटयांवर मांडी ठोकून बसल्या. जानकीबाई मधोमध. मागे खुर्च्यांवर मुंबईचे पाहुणे आणि आमचा शिक्षकवर्ग. टीचर आल्या त्या शाळेत येतात तशाच. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर घड्याळ. पहिली दोन गाणी बायकांनी हूं की चूं न करता ऐकली. मी मोजत होतो. कुणी उठलं नाही. पण चेहऱ्यांवर काही दिसतही नव्हतं. लग्नात परक्या गावच्या पंगतीत बसावं तशा त्या बसल्या होत्या. टीचरांनी दोन वेळा आईकडे पाहिलं, जानकीबाई हार्पसिकॉर्डकडे बघत होत्या.

तिसरं गाणं किनाऱ्यावर नेहमी गायच्या ते. एक बाई समुद्राला विनवते, जरा थांब, माझं माणूस पाण्यावर आहे, असा त्याचा अर्थ. त्या गाण्यांची एक रीत असते. आधी एक भाग, मग वेगळ्या चालीचा दुसरा, मग पुन्हा पहिला. पण परत येताना गायिकेनं तो साधा गायचा नसतो, आपल्या अकलेनं नटवायचा असतो. सगळी परीक्षा तिथेच. टीचरांनी त्या जागा दोन महिने घोटल्या होत्या. पहिला भाग झाला, दुसरा झाला, कल्याणीनं मान हलवली, मी पान उलटलं, आणि टीचरांनी पहिली ओळ पुन्हा उचलली.

त्याच क्षणी खालून जानकीबाई गायला लागल्या.

तीच चाल. शब्द नाहीत, नुसता आकार, म्हातारा, जाड, भरदार आवाज. दुसऱ्या ओळीला शेजारच्या दोघी, तिसऱ्या ओळीला सबंध चटई. मागे फरोख अर्धा उभा राहिला. एका पाहुण्यानं मोठ्यानं "शूऽ" केलं. कल्याणीनं माझ्याकडे पाहिलं, जणू मला काही माहीत असावं. आणि गंमत म्हणजे मला माहीत होतं. बंदरपट्टीच्या लग्नांना मी कमी का गेलो आहे? तिथे पुढची बाई ओळ एकदा एकटी म्हणते. तीच ओळ तिनं दुसऱ्यांदा उचलली की बाकीच्यांनी ती झेलायची असते. तेव्हा गप्प राहणं म्हणजे गाणारीला भर मांडवात एकटं सोडणं, आणि असा अपमान तिथल्या बायका वैरिणीचाही करत नाहीत. टीचरांनी ओळ परत उचलली होती. बायका आपली रीत पाळत होत्या. आणि चाल तर वर्षानुवर्षं बोंबील उलटताना त्यांच्या कानावर पडून पाठच झालेली.

टीचर एका श्वासापुरत्या थांबल्या. त्या कुणाचीही चूक तिथल्या तिथे काढणाऱ्या बाई होत्या, हे मी सांगितलंच आहे. त्यांनी आईकडे पाहिलं. मग चाल त्यांनी खाली बायकांवर सोडून दिली आणि स्वतः तिच्यावरून गायला लागल्या. घोटलेल्या सगळ्या जागा आल्या, न घोटलेल्याही आल्या. खाली पस्तीस-चाळीस बायकांचा तो सरळ सूर, आणि त्याच्यावर टीचरांचा आवाज उतरायचा, फिरायचा, पुन्हा वर जायचा. कल्याणी हसत होती की रडत होती कळत नव्हतं, पण तिचे हात थांबले नाहीत. पुढचं पान मी उलटलंच नाही. तिलाही त्याची गरज पडली नाही.

मला संगीतातलं कळत नाही. पण आयुष्यात मी कशाचा अभिमान बाळगला असेल तर त्या पाच मिनिटांचा. मी त्या व्यासपीठावर होतो, आणि गाणारी बाई रोज माझी भाकरी खात होती.

संपल्यावर मागच्या खुर्च्या टाळ्या वाजवायला लागल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपणच गायलेल्या गाण्याला टाळ्या कोण वाजवतं? "शूऽ" करणारे गृहस्थ चहाच्या वेळी टीचरांना म्हणाले, कार्यक्रम सुंदर, पण श्रोत्यांना थोडी आधी कल्पना द्यायला हवी होती. टीचर म्हणाल्या, "हो ना, राहूनच गेलं. पुढच्या वेळी तुम्हाला आधी शिकवू, म्हणजे तुम्हालाही झेलता येईल." आणि जानकीबाईंना कुणीतरी विचारलं, आजी, तुम्ही मध्येच का गायलात? त्या भडकल्याच. "मध्येच काय? पोरीनं ओळ टाकली. आमी नाय तं कोण झेलणार व्हतं तिला?"

टीचर तेव्हा पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि साडीच्या पदरानं पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.

नंतर त्या कल्याणीच्या गटाबरोबर मुंबईला, पुण्याला गायल्या. गोव्यालाही जाऊन आल्या. वर्तमानपत्रात फोटो आला तो मी शाळेच्या फलकावर लावला; त्यांनी तो काढून तिथे सराव परीक्षेचं वेळापत्रक लावलं. मी पुन्हा लावला. हे आठवडाभर चाललं. मी निवृत्त होऊन गंजाडला शेतीकडे गेलो आणि भेटी कमी झाल्या. मग एका पावसाळ्यात साधा ताप आल्याचं निमित्त झालं आणि चार दिवसांत त्या गेल्या.

त्याआधीच्या उन्हाळ्यात चिखल्यात त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी मी पोचलो तेव्हा मांडवात गाणं रंगलं होतं. मधे जानकीबाई, नव्वदीला टेकलेल्या, डोळे मिटून ओळ टाकत होत्या. शब्द हळदीचे, नवरीचे, दर्यापलीकडच्या सासरचे, त्यांच्या बोलीतले. चाल मात्र त्या इटालियन गाण्याची. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मांडवातल्या एखाद्या पोरीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आमच्या आज्यांपासून चालत आलेलं गाणं आहे.

मी टीचरांना शोधत होतो. पुढे नव्हत्या, नवरीजवळ नव्हत्या. मग दिसल्या. अगदी मागे, मांडवाच्या खांबाला टेकून, मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं पोर घेऊन त्या बसल्या होत्या. मी हात वर केला तरी त्यांनी मला पाहिलं नाही. आईनं ओळ दुसऱ्यांदा उचलली, आणि मालती टीचरांनी बाकीच्या बायकांबरोबर ती झेलली, साधी, सरळ, एकही जागा न नटवता.